शोनेन, सेनपाई, ओताकु : हे शब्द मराठीत आणायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या चार कॉलेजमित्रांना ॲनिमे आणि मांगांवर, म्हणजे जपानी ॲनिमेशन आणि चित्रकथांवर, मराठीत लिहायचं आहे, जमलं तर पुढे संवादांचं भाषांतरही करायचं आहे. तीन ठिकाणी त्यांचं अडलं आहे. शोनेन, शोजो, सेइनेन या ‘प्रकारां’ना मराठीत काय म्हणायचं? सान, कुन, सेनपाई ही संबोधनं तशीच ठेवायची की त्यांचं मराठी करायचं? आणि स्वतःला ओताकु, म्हणजे कट्टर चाहता, म्हणवून घेतलं तर जपानी माणसाला ते खटकतं का?

मी पुण्यात एकोणीस वर्षं जपानी शिकवते आणि भाषांतर करते. पोटापाण्याचं काम बहुतेक कारखान्यांच्या कागदपत्रांचं. संवादांची आणि उपशीर्षकांची कामं त्या मानाने कमी, पण जीव त्यांतच जास्त गुंतलेला. तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण या विषयावर मराठीत लिहायला बसणारे फार थोडे आहेत.

तुमचे तीन प्रश्न मला एकाच प्रश्नाची तीन रूपं वाटतात. हे सगळे शब्द तुमच्यापर्यंत इंग्रजीतून आले. तिथे शोनेन म्हणजे मारामारीच्या गोष्टी, सान म्हणजे मिस्टर, सेनपाई म्हणजे सिनियर, ओताकु म्हणजे पुस्तकी किडा, असे अर्थ लावले गेले. प्रत्येक शब्दाला एकेक वस्तू नेमून दिली. जपानीत मात्र हे शब्द कोण कुणाशी कोणत्या जागेवरून बोलतं आहे ते सांगतात. मासिक कोणत्या वाचकाशी बोलतंय, मुलगी वरच्या वर्गातल्या मुलाशी कशी बोलते, एक चाहता दुसऱ्या चाहत्याशी कसा बोलतो, हे. आणि नाती शब्दांत पकडण्याची सोय मराठीत भरपूर आहे. अहो-जाहो, अरे-तुरे, दादा, ताई, राव, पंत, बुवा हे सगळं आपल्या घरात असताना इंग्रजीच्या दारातून जपानकडे गेलं, की ते सारं दाराबाहेरच राहतं.

पहिल्यांदा शोनेन. तुम्ही लहानपणी हंगामा वाहिनीवर शिनचॅन पाहिलाच असेल. पाच वर्षांचा मुलगा, बालवाडी, आई-वडील, छोटी बहीण, कुत्रा. तर ही मालिका १९९० मध्ये ‘वीकली मांगा ॲक्शन’ या मासिकातून सुरू झाली (मासिक हा शब्द मी सैलपणे वापरते, तेव्हा ते दर आठवड्याला निघायचं), आणि ते प्रौढ पुरुषांसाठी काढलेलं, म्हणजे सेइनेन मासिक. त्या वाचकाच्या नजरेतून पाहा. थकून घरी आलेला नोकरदार, घराच्या कर्जाचा हप्ता, बायकोशी भांडण, आणि मधे हा आगाऊ पोरगा. गंमत मोठ्यांसाठीच होती. लहान मुलांनी ती नंतर आपलीशी केली. उलट डोरेमॉनचा जन्म १९६९ च्या डिसेंबरात शोगाकुकान या प्रकाशनाच्या सहा बालमासिकांत एकाच वेळी झाला. त्यातल्या काही मासिकांची नावंच ‘प्राथमिक पहिलीचा विद्यार्थी’, ‘प्राथमिक दुसरीचा विद्यार्थी’ अशी. लेखक प्रत्येक इयत्तेसाठी वेगळी गोष्ट काढायचा. वाचकाचं वय मुखपृष्ठावरच छापलेलं.

शोनेन म्हणजे मुलगा, किशोर. शोजो म्हणजे मुलगी. सेइनेन म्हणजे तरुण, आणि जोसेइ म्हणजे स्त्री. हे शब्द मासिक कुणासाठी काढलं आहे ते सांगतात, आत काय आहे ते सांगत नाहीत. आपल्याकडे बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. ‘ही गोष्ट किशोरमध्ये आली होती’ म्हटल्यावर वाचणारं मूल साधारण केवढं ते कळतं, पण गोष्ट विज्ञानाची होती की शिवकाळातली ते कळत नाही. शोनेनचं तसंच आहे.

याची उदाहरणं जवळ ठेवा, वाद घालणारे भेटतील तेव्हा लागतील. ‘डेथ नोट’ इतकी काळीकुट्ट आणि तर्काने भरलेली आहे की बरेच जण ती मोठ्यांची समजतात. ती २००३ ते २००६ या काळात ‘शोनेन जम्प’मध्ये आली. ‘के-ऑन’मध्ये शाळेतल्या मुली चहा पितात, केक खातात, गाणी वाजवतात. ती सेइनेन मासिकातली. ‘नात्सुमे युजिनचो’चा नायक मुलगा आहे, सोबत भुतंखेतं आहेत, आणि मासिक शोजो. सर्वांत बोलकं उदाहरण ‘विनलँड सागा’चं. २००५ मध्ये ती ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये सुरू झाली, दर आठवड्याचा वेग लेखकाला झेपेना, म्हणून त्याच वर्षी ती ‘आफ्टरनून’ या सेइनेन मासिकात गेली. तोच लेखक, तीच माणसं, तीच बदल्याची आग. फक्त मासिक बदललं आणि शोनेनची सेइनेन झाली. गोष्टीचा प्रकार एका महिन्यात असा बदलतो का?

हाताशी मूळ जपानी अंक असेल तर एक खूण पाहा. शोनेन आणि शोजो मासिकांत प्रत्येक कांजी, म्हणजे चिनी मूळ असलेल्या, अक्षराशेजारी बारीक टायपात त्याचा उच्चार छापलेला असतो. त्याला फुरिगाना म्हणतात. बारा वर्षांच्या मुलाला सगळी कांजी येत नाहीत, म्हणून ती सोय. सेइनेन मासिकांत ती सहसा फक्त अवघड शब्दांपुरती असते. माझे विद्यार्थी जपानी भाषेच्या एन-चार या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेच्या आसपास वाचायला मांगा मागतात तेव्हा मी त्यांना शोनेनच देते, ते याच कारणासाठी.

अर्थात, मासिक वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून निघत असल्यामुळे गोष्टीवर त्याचा परिणाम होतोच. जम्पमध्ये वाचकांची मतपत्रं अंकासोबत जातात आणि आलेल्या मतांवर मालिका टिकते किंवा गुंडाळली जाते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर या साप्ताहिकाचा खप ६५ लाखांवर होता. इतक्या मुलांना दर आठवड्याला धरून ठेवायचं तर मैत्री, मेहनत, स्पर्धा, जिंकणं हे विषय पुन्हा पुन्हा येणारच. त्यामुळे ‘शोनेन वळणाची गोष्ट’ असं म्हटलं तर चालेल, मलाही ते चुकीचं वाटत नाही. फक्त वळण आणि मासिक या दोन गोष्टी दोन वेगळ्या शब्दांत लिहा. ‘शोनेन मासिकातून आलेली भयकथा’, ‘सेइनेन मासिकातली शाळकरी मैत्रीची गोष्ट’. वाचकाला दोन्ही कळतं आणि गोंधळ उरत नाही. हल्ली पुष्कळ मालिका कागदावर न येता थेट मोबाइल ॲपवर येतात, तिथे ही विभागणी सैल झाली आहे. आणि माझ्या ओळखीचे जपानी वाचक आपसांत ‘शोनेन’ म्हणण्यापेक्षा ‘जम्पमधलं’ असंच जास्त म्हणतात. तेव्हा शक्य तिथे मासिकाचं नावच द्या. बाकी ‘पुढे चालू’साठी जपानीत प्रकरणाच्या शेवटी ‘त्सुझुकु’ छापतात. त्यासाठी आपल्याकडे ‘क्रमशः’ आहे, आणि दिवाळी अंक व साप्ताहिकं वाचलेल्या माणसाला तो शब्द पाहिला की काय हुरहूर लागते ते वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट, सान-कुन-सेनपाई. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण याच ठिकाणी माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती अजून सलते.

काम सुरू केल्यावर दोन-तीन वर्षांतच एका विद्यार्थी महोत्सवासाठी मी एका छोट्या जपानी ॲनिमेशनपटाची मराठी उपशीर्षकं केली. शाळेतली मुलगी एक वर्ष पुढे असलेल्या मुलावर मनातल्या मनात प्रेम करते आणि त्याला ‘सेनपाई’ म्हणते. मला वाटलं, परका शब्द कशाला, मराठीत वयाने मोठ्या मुलाला दादा म्हणतात. मी सगळीकडे ‘दादा’ लिहिलं. प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांना ती भावा-बहिणीची गोष्ट वाटली. शेवटच्या प्रसंगात ती त्याला चिठ्ठी देते तेव्हा सभागृहात जी चुळबूळ झाली ती मी मागच्या रांगेत बसून ऐकली. गोष्ट सुंदर होती आणि ती माझ्या एका शब्दामुळे त्या लोकांपर्यंत पोचली नाही.

दादा या शब्दात मराठीत एक वचन आहे. मुलगी एखाद्याला दादा म्हणते तेव्हा प्रेमाची वाट ती स्वतःच बंद करते. सेनपाईत ती वाट उघडी असते. त्यात आदर आहे, थोडं अंतर आहे, ‘तू माझ्याआधी या वाटेने गेलास’ ही जाणीव आहे, पण रक्ताचं नातं अजिबात नाही. शाळेतल्या खेळाच्या क्लबात सेनपाई शिकवतो, रागावतो, पाठीशी उभा राहतो. ऑफिसातही आधी रुजू झालेला माणूस सेनपाई असतो, वय काहीही असो. आपल्या कॉलेजांतला ‘सिनियर’ बराच जवळ जातो हे खरं, पण सिनियरला कुणी ‘सिनियर!’ अशी हाक मारत नाही आणि सेनपाई मुळात हाकच आहे. म्हणून मी आता सेनपाई तसाच ठेवते.

याच्या उलट, घरातल्या हाकांचं मराठी जरूर करा. ‘ओनिइचान’ म्हणजे दादा, ‘ओनेएचान’ म्हणजे ताई. इंग्रजीत धाकटी बहीण थोरल्या भावाला नावाने हाक मारते, म्हणून इंग्रजी उपशीर्षकांत तिथे नाव घालतात आणि तिचा लाडही जातो, मानही जातो. आपल्याला तो तोटा सोसण्याचं कारणच नाही. रस्त्यातल्या अनोळखी माणसाला ‘ओजिसान’ म्हणतात तिथे काका, ‘ओबासान’ला काकू किंवा मावशी. ॲनिमेत तिशीतल्या बाईला एखादं पोर ‘ओबासान’ म्हणतं आणि ती भडकते, हा प्रसंग तुम्ही शंभरदा पाहिला असेल. तिशीतल्या बाईला भाजीवाल्याने काकू म्हटलं तर काय होतं ते मराठी वाचकाला समजवावं लागत नाही. एक काळजी घ्या : ‘ओबासान’ काकू आणि ‘ओबाआसान’ आजी. फरक फक्त लांबलेल्या ‘आ’चा. कानाने लिहून घेताना इथे बरेच जण घसरतात.

दारातली वाक्यंही अशीच. घराबाहेर पडताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. इंग्रजीत याला जागाच नाही, तिथे ‘निघालो’ किंवा नुसतं ‘बाय’ होतं. आपण तर ‘जातो’ म्हणणाऱ्याला टोकतो, ‘येतो म्हण’ म्हणून. परत आल्यावरचं ‘तादाइमा’ म्हणजे आपलं ‘आलो गं आई’, आणि आतून येणारं ‘ओकाएरि’ म्हणजे ‘आलास?’ शिनचॅन घरी आल्यावर ‘तादाइमा’च्या जागी ‘ओकाएरि’ म्हणतो, म्हणजे दारात उभा राहून स्वतःच ‘आलास का?’ विचारतो, आणि आई दर वेळी सुधारते. हा विनोद मराठीत जसाच्या तसा उतरतो.

म्हणजे माझा ढोबळ नियम असा झाला : हाक सुटी आली आणि ती घरातल्या नात्याची असली, तर तिचं मराठी करावं. नावाला चिकटून आलेला प्रत्यय मात्र बहुतेक वेळा राहू द्यावा. हारुका-सान, केन-कुन, युकि-चान (सान मानाचा, कुन बहुधा मुलांना, चान लाडाचा).

प्रत्यय का ठेवायचे? ‘सान’चं ‘श्री’ होत नाही, कारण श्री कागदावर असतो आणि सान तोंडात. ‘राव’ किंवा ‘जी’ लावलं तर माणूस एकदम सदाशिव पेठेत नाही तर दिल्लीत जाऊन बसतो. आणि खरं कारण पुढे आहे. जपानी प्रेमकथेत दोन मुलं पन्नास प्रकरणं एकमेकांना आडनावाला सान लावून हाक मारतात, आणि एक दिवस त्यातला एक जण नुसतं नाव घेतो. याला ‘योबिसुते’ म्हणतात, म्हणजे मागचा मानाचा शब्द टाकून दिलेली हाक. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : एकेरी हाक. भांडणात ‘एकेरीवर आला’ म्हणतो तोच एकेरीपणा प्रेमात जवळीक होतो. त्या एका हाकेसाठी लेखकाने दोन वर्षं वाट पाहिलेली असते. कित्येक जुन्या इंग्रजी उपशीर्षकांत पहिल्या भागापासूनच सगळ्यांना नावाने हाका आहेत, त्यामुळे तो क्षण आला तरी पाहणाऱ्याला कळतच नाही की काही घडलं.

मग मराठीत हे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणून दाखवता येईल का? पात्रं मोठी असतील, ऑफिसातली असतील, तर फार सुंदर दाखवता येतं आणि तिथे मी तेच करते. पण शाळकरी मुलांना ते लागू पडत नाही. एका वर्गातली मराठी मुलं पहिल्या दिवसापासून एकमेकांना ‘तू’च म्हणतात. सोळा वर्षांची पोरं ‘तुम्ही आज डबा आणला का’ म्हणायला लागली तर नाटक वाटेल. आडनावाचीही तीच पंचाईत. आपल्याकडे मुलं मित्राला ‘ए कुलकर्णी’, ‘काय पाटील’ म्हणतात ती सलगीने. जपानात आडनाव घेणं म्हणजे अंतर राखणं. आडनावाचा अर्थ इथे बरोबर उलटा होतो. म्हणून अंतर दाखवायला ‘सान’ लागतोच, आणि तो गळून पडला की वाचकालाही ते जाणवतं. पहिल्या प्रकरणात एखाद्या ओळीत हे सांगून ठेवलं की पुरे, पुढे वाचक आपसूक शिकतो.

नवराबायकोच्या बाबतीत आपण पुन्हा श्रीमंत आहोत. जुन्या वळणाची जपानी बायको नवऱ्याला ‘आनाता’ म्हणते, त्याला ‘अहो’ इतकं दुसरं काहीही फिट बसणार नाही. ‘सेन्सेइ’ शाळेतला असेल तर सर किंवा बाई, जुन्या काळातला असेल तर गुरुजी, आणि मांगा काढणाऱ्या चित्रकाराला उद्देशून असेल तर मी सेन्सेइच ठेवते. गवयाला आपण बुवा म्हणतो, तसा तो कलेचा मान आहे.

नोकरीच्या दृष्टीने जपानी शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते, कारण ॲनिमे पाहून येणारी मुलं इथे हमखास चुकतात. स्वतःच्या नावाला सान कधीही लावायचा नाही. आणि बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीच्या साहेबांच्या नावालाही लावायचा नाही. आपण म्हणतो, ‘साहेब बाहेर गेलेत.’ जपानी माणूस ग्राहकाला सांगताना ‘तानाका बाहेर गेला आहे’ अशा थाटात बोलतो, कारण आपली माणसं ‘आतली’ आणि ग्राहक ‘बाहेरचा’, मान बाहेरच्याला. तसंच ‘ओमाए’, ‘किसामा’, ‘तेमेए’ हे पडद्यावर दर मिनिटाला ऐकू येणारे ‘तू’ प्रत्यक्षात कुणाला म्हणू नका. माझ्याकडे तयारीला येणाऱ्या एका मुलाने सरावाच्या मुलाखतीत स्वतःला ‘ओरे’ (रांगडा ‘मी’) म्हटलं. मुलगा अतिशय नम्र होता, पण त्याने जपानी सगळी नायकांच्या तोंडून शिकलेली. सवय जायला चार महिने लागले.

त्यावरून ‘मी’कडे येते. जपानीत ‘मी’ पुष्कळ आहेत : वाताशि, बोकु, ओरे, आताशि, म्हाताऱ्यांचा वाशि. कोणता ‘मी’ वापरला यावरून माणूस उभा राहतो. ओसाका विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ किन्सुइ सातोशी यांनी याला ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकेची भाषा, असं नाव दिलं. गोष्टीतला म्हातारा प्राध्यापक ‘वाशि’ म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी ‘जा’ लावतो, खरे प्राध्यापक तसं बोलत नाहीत, पण वाचक लगेच ओळखतो. मराठीत ‘मी’ एकच. मात्र आपलं क्रियापद दुसरंच काही उघड करतं : बोलणारा पुरुष आहे की स्त्री. ‘जातो’ की ‘जाते’, ‘आलो’ की ‘आले’. जपानी क्रियापदात लिंग नसतं. त्यामुळे मुखवट्याआडचं पात्र मुलगी आहे हे लेखकाने दहा प्रकरणं लपवलं असेल, तर मराठी भाषांतरात ते पहिल्याच वाक्यात फुटतं.

यावर माझा उपाय साधा आहे आणि तो मराठी व्याकरणातच आहे. ‘मी गेलो’मध्ये लिंग दिसतं, पण ‘मी पत्र वाचलं’, ‘मी त्याला पाहिलं’ यात दिसत नाही. ‘मी येईन’मध्ये दिसत नाही. ‘मला वाटतं’, ‘मला निघायला हवं’ यातही नाही. अशा वाक्यरचना निवडत गेलं तर पात्राला दहा प्रकरणं पडद्यामागे ठेवता येतं. कष्ट पडतात, पण वाचकाला शंकाही येत नाही. स्वतःला ‘बोकु’ म्हणणाऱ्या मुली मांगांत असतात, त्यांना ‘बोकुक्को’ म्हणतात. त्यांच्यासाठी मी कोल्हापूरची वाट धरली. तिकडे पुष्कळ मुली सहज ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मुलगी आहे हे आधी कळलेलं असलं, तर तिच्या तोंडचं ‘आलो’ बरोबर तो मोकळेपणा देतं. कान्साइकडची, म्हणजे ओसाकाच्या भागातली, बोली मात्र सरसकट वऱ्हाडी किंवा मालवणीत टाकू नका. ओसाकाच्या माणसाला तुम्ही मालवणला नेऊन बसवता, आणि वाचक गोष्ट सोडून बोलीकडेच पाहत राहतो. प्रमाण मराठीतच थोडा वेग, थोडा तोंडाळपणा आणला तर भागतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : शोनेन-सेइनेन हे वाचकाचं नाव, सुट्या घरगुती हाका मराठीत, नावाला चिकटलेले प्रत्यय आणि सेनपाई मूळचे, आणि तू-तुम्ही पात्रांचं वय पाहून.

आता ओताकु. या शब्दाचा मूळ अर्थ ऐकला की बाकीचं आपोआप उलगडतं. ‘ताकु’ म्हणजे घर, पुढचा ‘ओ’ मानाचा. ओताकु म्हणजे आपलं घर, आणि त्यावरून ‘आपण’, म्हणजे समोरच्याला उद्देशून अंतर राखून बोललेलं सभ्य संबोधन. एक चाहता दुसऱ्याला ‘आपल्याकडे अमुक अंक आहे का?’ असं या शब्दात विचारायचा. १९८३ मध्ये नाकामोरी आकिओ या लेखकाने एका मासिकातल्या सदरात अशा चाहत्यांना त्यांच्याच संबोधनावरून ‘ओताकु’ हे नाव दिलं, आणि ते कौतुकाने दिलं नव्हतं. १९८९ मध्ये लहान मुलींचे खून करणाऱ्या एका माणसाला अटक झाली. त्याची व्हिडिओ कॅसेटींनी भरलेली खोली देशभर छापून आली, आणि या शब्दावर काळा डाग पडला. ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता अशा हजारो मुलांनी पुढची कित्येक वर्षं आपली आवड लपवली. २००५ मध्ये ‘देन्शा ओतोको’ ही एका बुजऱ्या ओताकुची प्रेमकथा दूरचित्रवाणीवर गाजली, आणि हळूहळू शब्द सैलावला. आज रेल्वेचे ओताकु असतात, गडकिल्ल्यांचे असतात, आणि तरुण मुलं ते स्वतःबद्दल सहज म्हणतात.

मग खटकतं का? बोलणारा कोण, ऐकणारा केवढा, यावर अवलंबून आहे. स्वतःबद्दल, समवयस्कांत, बिनदिक्कत म्हणा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला ‘तुम्ही ओताकु का?’ असं विचारू नका, त्याने १९८९ पाहिलेलं असतं. मराठीत आपल्याकडे याला फार जवळचा शब्द आहे तो म्हणजे ‘वेडा’. नुसतं ‘वेडा’ म्हटलं तर अपमान, पण ‘नाटकवेडा’, ‘क्रिकेटवेडा’ म्हटलं तर कौतुक. ओताकुही विषय जोडला की मऊ होतो. म्हणून लेखात ‘ॲनिमेवेडे’ लिहायला मी तरी कचरणार नाही. शब्दाच्या इतिहासाबद्दल लिहाल तेव्हा मात्र ओताकुच लिहा.

‘दोजिनशि’बद्दल, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकांबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण लिहायला लागलात की तो येणारच, आणि बाहेर त्याचा अर्थ बहुधा अश्लील चित्रं एवढाच धरला जातो. दोजिन म्हणजे समानधर्मी. साहित्यिकांनी एकत्र येऊन, पदरमोड करून काढलेल्या मासिकांना हा शब्द आधी होता, अगदी १८८५ च्या ‘गाराकुता बुन्को’पासून. साठच्या दशकात आपल्याकडे चक्रमुद्रित लघुनियतकालिकं निघाली, त्या जातीचीच ही गोष्ट. १९७५ च्या २१ डिसेंबरला तोक्योत पहिलं कॉमिकेट, म्हणजे दोजिनशींचा मेळावा, भरलं तेव्हा ३२ गट होते आणि सुमारे ७०० माणसं आली. आता ते वर्षातून दोनदा तोक्यो बिग साइटमध्ये भरतं आणि लाखो लोक येतात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. कॉमिकेटच्या भाषेत विकणारा आणि विकत घेणारा दोघेही ‘सहभागी’. ग्राहक हा शब्दच तिथे नाही. तेव्हा ‘चाहत्यांचं बाजारपेठीय संमेलन’ असं काही लिहू नका, एवढंच.

राहता राहिलं लेखन. देवनागरी आपल्याला इथे मोठी साथ देते, फक्त इंग्रजी स्पेलिंग मधे आणू नका. जपानी ‘त’ दंत्य आहे, म्हणून ओताकु, ओटाकू नाही, आणि खरं तर कराते, कराटे नाही. ‘त्सुनदेरे’ला (वरून तुसडं, आतून प्रेमळ पात्र) बरेच जण ‘सुंदेरे’ म्हणतात. मराठी माणसाला ‘त्सु’ अवघड जाण्याचं कारण नाही, आपल्या ‘चूल’मधला ‘च’ म्हणा, बहुतेक तिथेच येतो. जे शब्द एव्हाना रुळले आहेत, मांगा, ॲनिमे, डोरेमॉन, ते आहेत तसे ठेवा. त्यांची शुद्धी करत बसलात तर वाचक पहिल्या परिच्छेदात निघून जाईल.

भाषांतराला सुरुवात करताना अख्खी मालिका उचलू नका, आणि हक्कांची परवानगी नसताना पूर्ण प्रकरणं प्रसिद्ध तर मुळीच करू नका. ज्या चित्रकाराबद्दल प्रेमाने लिहायचं त्याचंच नुकसान होतं. शुएइशा या प्रकाशनाचं ‘मांगा प्लस’ हे ॲप २०१९ पासून आहे, त्यावर बऱ्याच मालिकांची पहिली आणि ताजी प्रकरणं इंग्रजीत अधिकृतपणे फुकट वाचता येतात. त्यातला एखादा दारातला प्रसंग घ्या, कुणी घरी येतंय किंवा निघतंय असा, त्या मालिकेचं ॲनिमे असेल तर त्यात मूळ जपानी आवाज ऐका, आणि आठ-दहा वाक्यं सरावापुरती मराठीत लिहून पाहा. प्रत्येक वाक्याशेजारी कोण कुणाला बोलतंय आणि तू की तुम्ही, एवढं टिपून ठेवा.

आणि पहिल्या लेखासाठी कोणती मालिका घेणार आहात ते कळवा. शाळेतली असेल तर वरचं बहुतेक लागू पडेल. सामुराईंच्या काळातली असेल तर ‘दोनो’, ‘सामा’ हे मानाचे प्रत्यय आणि ‘सेश्शा’ हा सामुराईचा ‘मी’ यांचा वेगळा विचार करावा लागेल. तिथे बखरीतली मराठी थोडी हाताशी ठेवावी असं मला वाटतं, पण ते मालिका पाहूनच सांगता येईल.